‘क्लच प्लेट गेली, वहिनी!’

मैत्रिणींनो, मिक्सर बंद पडला तर आपण लगेच नवा आणायला धावत नाही. आधी प्लगमध्ये वीज येते का बघतो, मग मिक्सर उलटा करून तळाचे लाल बटण दाबतो, आणि एवढे करूनही तो हलला नाही तरच दुरुस्तीवाल्याकडे नेतो. कुकरची शिटी होईना तर आधी झाकणाची रिंग काढून पाहतो. मोटारीच्या बाबतीत मात्र ही शहाणी सवय कुठे जाते, कोण जाणे! गिअर पडेनासा झाला की गाडी थेट गॅरेजात. तिथले मिस्त्री दोनदा पेडल दाबतात आणि म्हणतात, ‘क्लच प्लेट गेली, वहिनी. गिअरबॉक्स उतरवावा लागेल.’ आपण मान डोलावतो. गिअरबॉक्स उतरवणे म्हणजे दिवसभराची मजुरी, प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग असा सगळा संच, आणि वर्षाची भिशी एका दमात साफ!

कधी खरोखरच प्लेट गेलेली असते, नाही असे नाही. पण गाडी जुनी असेल आणि तिचा क्लच तेलाच्या दाबावर चालणारा असेल, तर पुष्कळदा सगळा दोष काही शे रुपयांच्या रबरी वायसरात असतो. त्यासाठी गिअरबॉक्सला हात लावायची गरज नसते. दोहोंपैकी काय झाले आहे, हे घरच्या अंगणात, पान्याला हात न लावता, अर्ध्या तासात बऱ्याच खात्रीने कळू शकते. तेवढेच आज सांगणार आहे. दुरुस्ती मिस्त्रींनीच करायची, निदान आपण करून न्यायचे.

आधी आपली गाडी कोणत्या जातीची ते पाहा. मारुती ८०० किंवा ओम्नीचा क्लच तारेचा, म्हणजे केबलचा. त्यांना आजचे सांगणे फारसे लागू नाही. टोयोटा क्वालिससारख्या गाड्यांत तारेच्या जागी तेलाची नळी असते. क्वालिस आपल्याकडे २००० साली आली आणि २००५ साली तिचे उत्पादन बंद झाले. तरीही तालुक्याच्या गावी, विशेषतः मोठ्या एकत्र कुटुंबांच्या दारात, ती अजून उभी दिसते. गाडी दणकट, पण तिच्यातली रबरे काही अमरपट्टा घेऊन आलेली नाहीत.

आता आतली रचना. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तुम्ही ती खचित पाहिली असेल: सुई काढलेल्या दोन सिरिंज, मधे नळी, आणि सगळ्यात पाणी भरलेले. एक दट्ट्या दाबला की दुसरा आपोआप बाहेर येतो. मी शाळेत मराठी शिकवते, शास्त्र माझा विषय नव्हे. पण पास्कल नावाच्या फ्रेंच विद्वानाने सतराव्या शतकात सांगितलेला हा नियम आठवीतले पोरही करून दाखवते. मोटारीत नेमके हेच आहे. क्लचच्या पेडलामागे एक सळई असते, ती छोट्या नळकांड्यातला दट्ट्या पुढे ढकलते. हा मास्टर सिलिंडर. आपण त्याला वरचा सिलिंडर म्हणू. तिथले तेल नळीतून खाली गिअरबॉक्सपाशी जाते आणि दुसऱ्या नळकांड्यातला दट्ट्या बाहेर ढकलते. हा स्लेव्ह, म्हणजे आपला खालचा सिलिंडर. त्याची सळई एका लोखंडी काट्याला रेटते, काटा बेअरिंगला, बेअरिंग प्रेशर प्लेटला, आणि इंजिनला घट्ट चिकटलेली क्लच प्लेट क्षणभर मोकळी होते. त्या मोकळ्या क्षणातच गिअर बदलतो.

मघाच्या सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा शिरला तर काय होईल? पहिला दट्ट्या दाबला तरी दुसरा हलणार नाही किंवा अर्धाच हलेल, कारण हवा दबते, तेल दबत नाही. आणि रबर झिजले असेल तर तेल दट्ट्याच्या कडेने मागे निसटेल. जुन्या गाडीतल्या तेलाच्या क्लचचे बहुतेक आजार या दोन वाक्यांत येतात.

आता लक्षणे. इथे एक भेद मनात पक्का धरा, कारण सगळी मेख त्यातच आहे. क्लच ‘सुटत नाही’ ही एक तक्रार आणि क्लच ‘धरत नाही’ ही अगदी उलटी तक्रार. सुटत नाही म्हणजे पेडल पूर्ण दाबूनही गिअर अडतो, रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज येतो, किंवा पहिल्या गिअरमध्ये पेडल दाबून उभे असतानाही गाडी पुढे पुढे सरकते. धरत नाही म्हणजे गिअर सुरळीत पडतात, पण चढावर इंजिन नुसते ओरडते, वेग वाढत नाही आणि जळका वास येतो. धरत नसेल तर बहुधा प्लेटच झिजलेली असते किंवा तिच्यावर इंजिनचे तेल आलेले असते, आणि मिस्त्री म्हणतात ते बरोबर असते. सुटत नसेल तर मात्र संशयाची सुई आधी तेलाकडे वळवायची. गंमत अशी की आपण गॅरेजात जाऊन दोन्ही वेळा एकच वाक्य बोलतो, ‘क्लचचा प्रॉब्लेम आहे.’ मग समोरचा तरी दुसरे काय सांगणार?

तपासायला गाडी सपाट जागी, मोकळ्या अंगणात उभी करा. पुढे भिंत नको, मुले नकोत. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. बंद इंजिनातही गिअर अडत असतील तर दोष क्लचचा नाही, गिअरच्या दांड्याचा किंवा गिअरबॉक्सचा आहे. बंद असताना लोण्यासारखे पडतात आणि सुरू केल्यावर अडतात, तर क्लच सुटत नाही हे ठरले. सुरू इंजिनात रिव्हर्स टाकून पाहावा, कारण बहुतेक जुन्या गाड्यांत तक्रार सर्वांत आधी तोच करतो.

मग पेडल लागोपाठ तीन-चार वेळा भरभर दाबा आणि लगेच गिअर टाका. असे पंप केल्यावर गिअर निमूट पडला, तर जवळजवळ खात्रीने समजा की तेलात हवा आहे किंवा तेल कुठून तरी निसटते आहे. झिजलेली प्लेट पंप केल्याने सुधारत नाही हो! पायाखाली पेडल कसे लागते तेही पाहा. भिजल्या पावासारखे लिबलिबीत लागले तर हवा. दाबल्यावर खालीच चिकटून राहिले, पायाने उचलावे लागले, तर तेल फारच कमी झाले असेल किंवा वरच्या सिलिंडरचे रबर गेले असेल.

त्यानंतर बॉनेट उघडा. चालकाच्या बाजूला, मागच्या पत्र्यापाशी, ब्रेकच्या तेलाच्या बाटलीशेजारी तशीच एक धाकटी बाटली दिसेल, ती क्लचची. काही गाड्यांत ती वेगळी नसते, ब्रेकच्या बाटलीतूनच एक नळी क्लचकडे जाते. तेल दोन रेघांच्या मधे हवे. इथे एक गोष्ट पुष्कळ जाणत्या पुरुषांनाही ठाऊक नसते. ब्रेकचे पॅड झिजत गेले की ब्रेकच्या बाटलीतले तेल थोडे थोडे उतरते, त्यात काही विशेष नाही. क्लचचे तसे नाही. प्लेट झिजली म्हणून क्लचचे तेल कमी होत नाही. त्या धाकट्या बाटलीतली पातळी उतरली तर गळतीच आहे. ‘थोडे टाकून देतो, चालेल,’ असे कोणी म्हणाले तर टाकू द्या, पण गेले कुठे, हे विचारल्याशिवाय गाडी हलवू नका.

गेले कुठे, हे शोधायला टॉर्च आणि जुने वर्तमानपत्र पुरते. चालकाच्या जागी वाकून पेडलाच्या वरच्या टोकाला, सळई पत्र्यातून आत जाते तिथे, बोट फिरवा. ओलसर, बुळबुळीत लागले किंवा खालचा गालिचा तिथेच ओला असला, तर वरचा सिलिंडर गळतो आहे. पावसाळ्यात चपलेच्या पाण्याने फसगत होते. पाणी वाळून जाते, हे तेल चिकटून राहते. रात्री गाडीखाली, पुढच्या आसनांच्या साधारण खाली, वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी डाग काळा असला तर इंजिनचे तेल, दाट आणि उग्र वासाचा असला तर गिअरचे. पातळ, फिकट किंवा चहाच्या रंगाचा आणि पाण्याने सहज धुतला जाणारा असला तर तो आपला आरोपी, आणि मग खालच्या सिलिंडरचे रबर फाटले आहे.

आता सर्वांत महत्त्वाची परीक्षा, जी मला वाटते प्रत्येकीने एकदा तरी करून पाहावी. हिला दोन माणसे लागतात. माझी धाकटी जाऊ कराडला असते. त्यांच्याकडे २००३ सालची क्वालिस आहे, आणि मसाल्याची पोती घेऊन ती महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाते. गेल्या वर्षी गिअर अडू लागला. वर्षापूर्वीच प्लेट बदललेली, तरी गावातल्या एका गॅरेजात ‘पुन्हा प्लेट’ असे निदान झाले. भावजी पैसे काढायला निघाले होते. जाऊ फोनवर म्हणाली, ‘ताई, थेंबभरसुद्धा तेल गळत नाही, बाटली काठोकाठ आहे. मग प्लेटच ना?’ मी म्हटले, ‘अगं, थांब जरा. रविवारी मी येतेच आहे.’

रविवारी चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रलला, इंजिन बंद, किल्ली माझ्या पदराला. जॅक लावायचा नाही, हे लक्षात ठेवा; जॅकवर तोललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये. क्वालिस उंच असल्याने बाजूने पोते अंथरून पडले की टॉर्चच्या उजेडात खालचा सिलिंडर आणि त्याची सळई दिसते. जाऊने पेडल दाबले, मी फक्त पाहत होते, हात आत घालायचा नाही. सळई बाहेर आली, काटा ढकलला गेला. म्हटले, ‘दाबूनच धर, सोडू नकोस.’ आणि बघते तो काय, पेडल दाबलेलेच आहे आणि सळई मात्र हळूहळू, गोगलगाईसारखी परत आत जाते आहे! बाहेर थेंब नाही, बाटली भरलेली, आणि तरी दाब टिकत नाही. म्हणजे वरच्या सिलिंडरच्या आतले रबर झिजले होते आणि तेल त्याच्या कडेने आतल्या आत परत बाटलीत जात होते. तिला नाक्यावर उभे राहिले की गाडी पुढे सरकायची ती याचमुळे. वरचा सिलिंडर नवा बसवला, हवा काढली, आणि गिअरबॉक्स आहे तिथेच राहिला. भावजींनी काढलेल्या पैशांतून पुढे मसाल्याचा डंख दुरुस्त झाला.

या परीक्षेचा निकाल असा वाचायचा. सळई जेमतेमच हलली, किंवा हलून परत गेली, तर दोष तेलाच्या मार्गात. सळई जोमाने पूर्ण बाहेर येते, तशीच टिकून राहते, आणि तरीही गिअर अडतो, तर तेलाचा मार्ग निर्दोष; बिघाड आत आहे, आणि गिअरबॉक्स उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. मग खर्चाला कुरकुर करू नये. उलट मजुरी एकदाच द्यायची म्हणून प्लेटबरोबर प्रेशर प्लेट आणि बेअरिंग दोन्ही पाहून घ्यावीत, आणि इंजिनच्या मागच्या सीलमधून तेल झिरपत नाही ना, हेही विचारावे. नाहीतर नवी प्लेट पुन्हा तेलात भिजेल.

पेडल दाबताना नळीचा रबरी तुकडाही पाहा. तो फुग्यासारखा फुगत असेल तर दाब तिथेच वाया जातो. पेडल आणि सळई यांच्या जोडातली पिन झिजूनही असेच होते. पेडल बराच वेळ नुसते डुलते आणि मग कुठे काम सुरू करते. ही पिन तर सर्वांत स्वस्त दुखणे. थोडी मोकळीक मात्र हवीच. पेडल बोटाने दाबताना सुरुवातीला ते किंचित सैल लागले पाहिजे. अजिबात सैल नसेल तर दाब पूर्ण उतरत नाही आणि चांगली प्लेटही घसरत झिजते. काहीजणींना, आणि त्याहून जास्त काहीजणांना, गाडी चालवताना डावा पाय पेडलावर टेकवून ठेवायची सवय असते. तिचा परिणाम थेट असाच. आमच्या ह्यांना हे सांगून मी थकले आहे.

आवाजाबद्दल एवढेच: पेडल दाबल्यावर किर्रर्र सुरू होत असेल तर क्लचचे बेअरिंग, पेडल सोडलेले असताना आवाज आणि दाबले की बंद, तर गिअरबॉक्समधले. दोन्ही तेलाचे दोष नव्हेत.

तेल म्हणजे ब्रेकचेच तेल. बाटलीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असे लिहिलेले असते, तेच आणावे. इंजिनचे तेल किंवा घरातले कुठलेही तेल चुकूनही ओतू नका. त्याने रबरे फुगतात आणि एका वायसराऐवजी सगळी बदलावी लागतात. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा मिठासारखे ओढून घेते. म्हणून फडताळात दोन वर्षे उघडी पडलेली बाटली वापरू नये, आणि गाडीतलेही दर दोन वर्षांनी बदलावे. कोकणच्या दमट हवेत तर नक्कीच. ओलाव्याने नळकांडे आतून गंजते, खडबडीत होते आणि नवे रबरही फाडते. बाटलीतले तेल काळपट झाले असेल तर रबर विरघळू लागल्याची ती खूण समजा.

गॅरेजात गेल्यावर मिस्त्रींशी भांडायचे नाही. शांतपणे सांगायचे, ‘दादा, इंजिन बंद असताना गिअर पडतात, सुरू असताना अडतात, पंप केल्यावर पडतात, आणि पेडल धरून ठेवले तरी खालची सळई परत जाते.’ चांगला कारागीर एवढे ऐकून खूश होतो, अर्धे काम तुम्ही केलेले असते. नुसते किट घालायचे म्हणाला तर नळकांडे आतून गुळगुळीत आहे का, ते टॉर्चने दाखवायला सांगा. खड्डे पडले असतील तर पूर्ण सिलिंडर घ्यावा. वरचा नवा बसवला की दाब वाढतो आणि खालच्याचे जुने रबर थोड्याच दिवसांत राम म्हणते, म्हणून दोन्ही जुने असतील तर दोन्हीचे काम एकदम करणे पुढे स्वस्त पडते. काढलेले जुने सामान परत मागा, त्यात लाजायचे काही नाही. शेवटी हवा काढताना निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक तेलात बुडवतात आणि बुडबुडे थांबेपर्यंत तेल सोडतात. हे सुटलेले तेल परत बाटलीत ओतू देऊ नका. आठवड्याने पातळी पुन्हा एकदा पाहा.

आणि वाटेत क्लच अचानक गेलाच तर? पंप करून गिअर पडतो का पाहा आणि कडेला थांबा. अगदी रेल्वे फाटकासारख्या धोक्याच्या जागी अडकलात, तर बऱ्याच जुन्या गाड्या पहिल्या गिअरमध्ये ठेवून किल्ली फिरवली की हिसके देत पुढे सरकतात. तेवढ्याने धोक्याबाहेर यावे, पुढे पाहून, समोर कुणी नसताना. घाट असाच पार करण्याचे धाडस मात्र करू नका, गाडी ओढून न्यावी.

जाता जाता, हे तेल सांडले तर. गाडीच्या रंगावर पडले तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता, नाहीतर रंग निघतो. गालिच्यावरचे साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा धुतले की जाते. हाताला लागले तर साबणाने धुवा, डोळ्यात उडाले तर पाण्याचा हबका मारत राहा आणि डॉक्टरांना दाखवा. हे तेल विषारी असते, म्हणून उरलेली बाटली झाकण घट्ट लावून मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंच फळीवर ठेवा, आणि सरबताच्या रिकाम्या बाटलीत तर ते कधीच भरू नका.